मराठी अंक वाचणारी लायब्ररी: ०.१.० आता एनपीएमच्या उंबरठ्यावर

मंडळी, मराठी अंकांत लिहिलेली रक्कम वाचणाऱ्या माझ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं काम पॅकेजिंगपर्यंत आलंय, म्हणजे एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारात टाकायच्या तयारीपर्यंत. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदार मित्राला हिशेबाचं वेबपान करून दिलं होतं. त्याचे वडील मराठी कीबोर्डवरून ‘रु. १,८५०/-’ असं लिहितात. ब्राउझरमधली इंटल नंबरफॉरमॅट ही तयार सुविधा आकडा मराठीत सुरेख दाखवते, लाखा-कोटींचे स्वल्पविरामही जागच्या जागी देते. पण लिहिलेला मराठी आकडा परत वाचायची सोय तिच्यात नाही. नंबर फंक्शनला ‘१८५०’ दिलं की नॅन (‘हा आकडा नाही’) मिळतं, आणि रेजेक्समधलं (मजकुरात नमुना शोधायच्या भाषेतलं) अंकाचं चिन्ह बॅकस्लॅश-डी फक्त ० ते ९ चे इंग्रजी अंक ओळखतं.

मराठी अंकांचे इंग्रजी अंक करणं सोपं आहे, युनिकोड या अक्षरांच्या क्रमांक-यादीत ते ओळीनं बसलेत. गोम आहे ‘रु.’ मधल्या टिंबात. अक्षरं आणि स्वल्पविराम गाळले तरी टिंब मागे राहतं आणि १८५० चे ०.१८५ होतात. हिशेबात हे चालायचं नाही. म्हणून टिंबाच्या दोन्ही बाजूंना लगेच अंक असेल तरच ते दशांशचिन्ह धरायचं, असा नियम ठेवलाय.

आता पॅकेज. बिल्ड (वापरायला तयार फाइल) दोनच ठेवलेत: बंडलर, म्हणजे अनेक फाइल्स एकत्र बांधणारं साधन, वापरणाऱ्यांसाठी ईएस मॉड्यूल (इम्पोर्ट करता येणारी फाइल), आणि साध्या स्क्रिप्ट टॅगसाठी आयआयएफई (लोड होताच चालणारी फाइल). कॉमनजेएस, म्हणजे नोडमधली जुनी मॉड्यूल पद्धत, मुद्दाम दिलेली नाही, लायब्ररी ब्राउझरसाठीच आहे. पॅकेज डॉट जेसन या पॅकेजच्या माहिती-फाइलमधल्या ‘एक्स्पोर्ट्स’मध्ये (कोणाला कुठली फाइल द्यायची त्या यादीत) ‘टाइप्स’ (टाइपस्क्रिप्टसाठीची माहिती) सगळ्यात वर आणि ‘डीफॉल्ट’ सगळ्यात खाली, कारण जुळणारी पहिली अट उचलली जाते. काय काय पाठवायचं त्या ‘फाइल्स’ यादीत फक्त तयार बिल्डचं डिस्ट फोल्डर.

माझं ठाम मत: चाचणी रेपोवर (मूळ कोडच्या फोल्डरवर) नाही, टारबॉलवर (प्रत्यक्ष पाठवल्या जाणाऱ्या गठ्ठा-फाइलवर) घ्यावी. ‘एनपीएम पॅक’नं जी टीजीझेड फाइल बनते, तीच रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून इम्पोर्ट करायची. रेपोमध्ये सगळंच हाताशी असतं, त्यामुळे काय राहून गेलंय ते तिथं कळतच नाही. कॉलेज रोडवरच्या एका मैत्रिणीनं तीच फाइल तिच्या व्हीट (वेबसाइट बांधायचं एक साधन) प्रकल्पात लावली. टाइप्ससकट सगळं सुरळीत चाललं, फार आनंद झाला.

पॅकेजचं नाव स्कोपमधलं (पुढे ‘@’ लावून खात्याचं नाव असलेलं) असल्यानं पहिल्या पब्लिशला ‘अ‍ॅक्सेस पब्लिक’ लागेल. एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक, पॅकेज मागे घेतलं तरी, पुन्हा वापरता येत नाही, म्हणून घाई नको. एनपीएमवर गेलं की जेएसडेलिव्हर आणि अनपॅकेज या फाइल थेट वेबपानाला पुरवणाऱ्या सेवांवरून ती आपोआप मिळते. रीडमीमध्ये मात्र पूर्ण आवृत्ती असलेलाच पत्ता देणार, नाहीतर इंटिग्रिटी हॅश (फाइल बदललेली नाही हे तपासायचा ठसा) पुढच्या आवृत्तीला जुळणार नाही.

०.२ मध्ये ‘दीड लाख’, ‘अडीच हजार’ असे शब्द वाचायचेत. कॅरेट (^, म्हणजे ‘सुसंगत नवी आवृत्ती चालेल’) लावलेलं ०.१.० आपणहून ०.२.० वर जात नाही, त्यामुळे तिथं एपीआय (लायब्ररीची फंक्शन्स वापरायची पद्धत) बदलायची मोकळीक आहे. ‘पावणेदोन’ आणि ‘सव्वाशे’ कसे हाताळावेत यावर कोणी विचार केला असेल तर जरूर सांगा.