आधीच्या लिनक्स कर्नलने तारलं

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटनंतर आज डेस्कटॉप उघडतो न उघडतो तोच कोसळायचा, आपोआप सुरू व्हायचा, परत कोसळायचा. संध्याकाळ त्यातच गेली. नव्याने इन्स्टॉल करायला मन धजेना, सगळं काम त्याच डिस्कवर! शेवटी चालू होताना एस्केप दाबून ग्रब मेन्यू (संगणक कशाने सुरू करायचा ते निवडायची यादी) उघडला, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची जुनी आवृत्ती, निवडला आणि डेस्कटॉप आला. काय हायसं वाटलं!

आधी बॅकअप घेतला, मगच लॉग (सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी) वाचला. नव्या कर्नलचे हेडर्स (त्याच्यासाठी मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) आलेच नव्हते, त्यामुळे ग्राफिक्स ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, तयार झालं नव्हतं. हेडर्स टाकले, मॉड्यूल पुन्हा बांधलं, आता नवा कर्नलही नीट चालतोय. अपडेटमध्ये जुना कर्नल लगेच पुसायचा नाही, हे ज्यांनी ठरवलं त्यांचे मनापासून आभार.