पंधरा पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी

क्रूझवरच्या टीन क्लबला, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या क्लबला, सकाळ नसते. लहान मुलांच्या क्लबाच्या दारात नऊपासून रांग लागते, आईबाप सही ठोकून पळत सुटतात. आमच्याकडे दुपारपर्यंत खुर्च्या लावा, चेपलेले पिंगपाँगचे बॉल वेगळे काढा, आदल्या रात्रीचा अहवाल भरा, एवढंच काम. पोरं दुपारी उठतात, जेवतात, डोळे चोळत डोकावून जातात. खरा क्लब भरतो रात्री दहानंतर. १८ वर्षांखालच्या मुलांनी रात्री एकनंतर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जहाजात भटकायचं नाही, असा आमच्याकडे कर्फ्यू आहे. त्यानंतर आमची झोप.

लहान मुलांना पालकांच्या सहीशिवाय आम्ही बाहेर सोडत नाही. किशोरवयीन मुलं मात्र मनात येईल तेव्हा उठून जाऊ शकतात, हे बऱ्याच पालकांना सफरीच्या मधेच कधीतरी कळतं आणि मग ते आमच्यावर चिडतात. दाराशी कार्ड टॅप करायचं, आत यायचं. कंटाळा आला की चालू पडायचं. त्यामुळे आमच्या धंद्यात गिऱ्हाईक टिकवणं हाच सगळा खेळ, आणि तो पहिल्या रात्री हरायचा किंवा जिंकायचा. पहिल्या रात्री जो आला नाही किंवा येऊन ओशाळून गेला, तो पुढे फारसा फिरकत नाही. तोवर बाकीच्यांचे कंपू झालेले असतात.

म्हणून पहिल्या रात्रीची माझी तयारी दुपारच्या सेफ्टी ड्रिलपासूनच सुरू होते. २०१२ च्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाले. पूर्वी हे ड्रिल प्रवासी जहाजावर चढल्यावर २४ तासांत उरकलं तरी चालायचं. २०१५ पासून ते निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर व्हावं लागतं. मला त्याचा वेगळाच फायदा. मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, उभं राहून कोण आईबापांपासून चार हात लांब उभं आहे, कोण बहिणीला चिकटून आहे, कोण इतरांकडे चोरून बघतंय, हे दिसतं. रात्री ही पोरं आली की संगीत आधीच चालू असलेलं बरं, दिवे जरा मंद. रिकाम्या शांत खोलीत पहिलं पाऊल टाकायला पंधरा वर्षांच्या मुलाला मरणाची लाज वाटते. गोल करून 'तुझं नाव सांग, तुझा आवडता प्राणी सांग' हा प्रकार मी करत नाही. माझा एक सहकारी माइक हातात घेऊन तोच करतो आणि अर्धी खोली रिकामी करतो. मी टेबल टेनिसच्या टेबलाभोवती पळायचा खेळ लावते: एक फटका मारायचा, बॅट ठेवायची, पुढच्यानं उचलायची, चुकला तो बाद. दहा मिनिटांत कुणी कुणाचं नाव न विचारता सगळे एकमेकांवर ओरडत असतात.

आमच्या जहाजावर दोन गट आहेत, १२ ते १४ आणि १५ ते १७. वय धरायचं ते सफर सुरू होण्याच्या दिवसाचं, पासपोर्टवरून. कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीकडेही हीच विभागणी आहे. नॉर्वेजियन १३ ते १७ ला एकाच गटात घालते. डिस्नीच्या एका क्लबाचं वय १४ ला संपतं आणि दुसऱ्याचं १४ लाच सुरू होतं, म्हणजे १४ वर्षांचं मूल दोन्हीकडे चालतं. या एका वर्षाच्या सवलतीचं मोल बाहेरच्या माणसाला कळणार नाही. दर सफरीला चुलत-मावस भावंडांची एक तरी जोडी त्या रेषेवर अडकते, आणि कुटुंबं तर मुलं एकत्र राहावीत म्हणूनच एकत्र येतात.

त्या सफरीत ती जोडी होती चुलत बहीण-भावाची. ती पंधरा पूर्ण. त्याला पंधरा पूर्ण व्हायला तीन आठवडे कमी. उंचीला तो तिच्यापेक्षा वीतभर जास्त. वडील काउंटरवर आले. आधी गोड बोलले, मग आवाज चढला. मी नियम सांगितला. त्यांनी वरच्याला बोलवायला लावलं. माझ्या सुपरवायझरनं तोच नियम जास्त हसून सांगितला. मुलगा मागे उभा राहून जमिनीकडे बघत होता. बाप आपल्यासाठी भांडतोय यानं त्याची जेवढी शोभा झाली तेवढी आमच्या नकारानंही झाली नसेल. रात्री तो धाकट्यांच्या गटात आला, दहा मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला आणि गेला. ती तिकडून बाहेर पडली. नंतर दोघं मला सारखी जिन्याच्या वळणावर बसलेली दिसायची. मी हात करायचे, ती दोघंही करायची. तेवढंच.

मग आला सी डे, बंदर न घेणारा दिवस, आणि नेमका समुद्र खवळला. बाहेरचे डेक बंद. पूलचं पाणी हिंदकळून काठावर यायला लागलं तसं ते सोडून देऊन वर जाळी ताणली. चढाईची भिंत बंद, बास्केटबॉलचं कोर्ट बंद. जहाजावरची चढाईची भिंत १९९९ मध्ये व्हॉयेजर ऑफ द सीजनं आणली, लाटांवर उभं राहायचं यंत्र २००६ मध्ये फ्रीडम ऑफ द सीजनं. तेव्हापासून जाहिरातीत किशोरांसाठी म्हणून जे जे दाखवतात ते बहुतेक उघड्या डेकवरचं. वारा वाढला की पहिलं बंद होतं तेही तेच. जिन्यांच्या कठड्यांना उलटीच्या कागदी पिशव्या अडकवलेल्या, आणि जहाजभर पोरं कोंडलेली. अशा दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. सुपरवायझरनं जादा माणसं लावली, व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली, सायलेंट डिस्कोचे, म्हणजे कानात गाणी ऐकत नाचायचे, हेडफोन चार्ज करून ठेवले.

दोन्ही गट मिळून अकरा जण आले. त्यातले चार हिरव्या चेहऱ्यानं सोफ्यावर आडवे.

मला आधी वाटलं सगळ्यांना बोट लागली. मग सोफ्यावरच्या एकाच्या हातात दैनिक कार्यक्रमपत्रिकेचा फाडलेला तुकडा दिसला. मागे पेनानं लिहिलेलं: 'मासे जिकडे चाललेत तिकडे जा. जिथे मासे संपतात तिथे डावीकडे.' आमच्या केबिनच्या मजल्यांवर गालिच्यात मासे विणलेले आहेत आणि सगळ्या माशांची तोंडं जहाजाच्या नाळेकडे आहेत, म्हणजे चुकलेल्या माणसाला पुढचा भाग कोणता ते कळावं. वर्षानुवर्षं येणाऱ्या प्रवाशांनाही हे ठाऊक नसतं.

मी मासे संपतात तिथवर गेले. दुसरी चिठ्ठी होती: 'जो मजला या जहाजावर नाही, त्याच्या एक खाली.' आमच्या लिफ्टमध्ये १२ नंतर थेट १४ चं बटण आहे. बाराव्यावर तिसरी मिळाली: 'होड्या मोजा. विषम आकडे ज्या बाजूला टांगलेत, त्या बाजूची मधली खिडकी.' तिथे मात्र मी थांबलेच. लाइफबोटींना उजव्या बाजूला विषम आणि डाव्या बाजूला सम आकडे द्यायचे, ही जहाजांवरची रीत. आमच्या मनोरंजन विभागातल्या निम्म्या लोकांना विचारा, सांगता येणार नाही. चिठ्ठ्या त्या चुलत भावाच्या होत्या हे पुढे कळलं; त्याला ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आम्ही त्याला नको असलेल्या खोलीत बसवू पाहत होतो तेव्हा तो जहाज वाचत हिंडत होता.

खिडकीपाशी एक टोळी सापडली. सहा जण: एक सतरा वर्षांचा ताडमाड मुलगा, दोन तेरा-चौदाच्या मुली, बाकीचे मधले, आणि बारा वर्षांचा एक, जो दोन दिवस आईला सोडून हलत नव्हता. सगळे एकमेकांच्या नावानं ओरडत होते. जिना उतरताना जहाज कललं तसं त्या ताडमाड मुलानं, बोलणं न थांबवता, धाकट्याला खांद्याला धरून कठड्याच्या बाजूला घेतलं आणि त्याचा हात कठड्यावर ठेवला. हे मी कुणालाही ट्रेनिंगमध्ये शिकवू शकले नसते. अशा पाच-सहा टोळ्या होत्या. ती चुलत बहीण मधल्या जिन्यावर वही घेऊन बसली होती, टोळ्यांचे वेळ टिपत. शेजारी तो, पुढच्या चिठ्ठ्या लिहीत.

तासाभरात सिक्युरिटीचा फोन आला. एक चिठ्ठी आगीच्या होजच्या कपाटाच्या फटीत सापडली होती, एक लाइफजॅकेटच्या पेटीत. काठी घेऊन जिना चढणाऱ्या एका आजींना धावत्या पोरांचा धक्का लागता लागता राहिला. सिक्युरिटी ऑफिसर संतापला होता आणि त्याचं काहीही चूक नव्हतं. हलत्या जहाजावर जिन्यात पळणं म्हणजे हात मोडून घेणं, आणि होजच्या कपाटाला हात लावणं हा गंमतीचा विषयच नाही. दोघांना पालकांसह बोलावलं, समज दिली, चिठ्ठ्या गोळा केल्या. मी तिथे होते. मुलानं एकच सांगितलं, की होजच्या कपाटातली चिठ्ठी त्याची नव्हती, दुसऱ्या टोळीनं फसवायला घातली होती. अक्षर वेगळं होतं, मला दिसत होतं. ते मी सांगितलं. नोंदीत आलं नाही.

वयाचे गट मला फालतू वाटत नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. रात्री बारा वाजता सतरा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी एका कोपऱ्यात असतात तेव्हा त्या रेषेसाठी मी मनातल्या मनात कुणाचे तरी आभार मानते. मुलांबरोबर स्टाफनं कधीही एकटं राहायचं नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत, सोशल मीडियावर जोडून घ्यायचं नाही, हे सगळे नियम काहीतरी घडल्यावरच आलेले असतात. वय खोटं सांगणारे, 'घ्या हो, एवढं काय' म्हणणारे पालक त्यात भर घालतात. पण भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, बारा ते सतराची चाळीसेक पोरं एका खेळात रमलेली मी आमच्या क्लबात कधी पाहिली नव्हती. त्या खेळाला आमच्याकडे रकानाच नाही, आणि हा रकाना कसा आखायचा हे मलाही अजून नीट सुचलेलं नाही.

सुपरवायझरला मात्र लगेच सुचलं. दुसऱ्या दिवशी 'ग्रँड ट्रेझर हंट': लॅमिनेट केलेली कार्डं, कंपनीच्या लोगोचे गळपट्टे बक्षीस, दोन्ही गटांच्या वेगळ्या वेळा, प्रत्येक टोळीबरोबर स्टाफ. कालची निम्मी कोडी तशीच उचललेली. धाकट्यांचे नऊ आले, मोठ्यांचे चार. समुद्र शांत झाला होता, पूल भरला होता, आणि आदल्या दिवशी एकमेकांची नावं कळलेली पोरं तिथे पाण्यात होती. चुलत बहीण तेवढी डोकावली. तिनं होड्यांचं कार्ड वाचलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि मागे छापलेल्या उत्तरात 'डावी' खोडून 'उजवी' केलं. कार्ड माइकवाल्या सहकाऱ्यानं बनवलं होतं.

सफर संपल्यावर वडिलांचा अभिप्राय आला: किशोरवयीन मुलांसाठी जहाजावर काहीही नाही. टीन क्लबला सर्वांत कमी गुण. बैठकीत मला विचारलं गेलं, की या मुलाला आपण काय काय देऊ केलं होतं. मी हजेरी काढली. त्याच्या नावापुढे एकच टॅप होता, पहिल्या रात्रीचा. सी डेच्या हजेरीचा अकराचा आकडाही वाचून दाखवला. तो मागितला नव्हता. अहवालातल्या 'सुचवलेले उपाय' या रकान्यात मी लिहिलं, की १४ वर्षांच्या मुलांना दोन्हीपैकी हवा तो गट निवडू द्यावा, आणि दिवसा एखादा तास १२ ते १७ एकत्र ठेवावा. वरून उत्तर आलंय: प्रवाशाचं वय पासपोर्टवरून नोंदलं जातं, कृपया नोंद घ्यावी.