सहा चोवीस

आमच्याकडे कोणी धावत नाही. धावणं पेपरात असतं, 'धावपटू'च्या शेजारी. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत माणूस पळतो. म्हणून गेल्या डिसेंबरात पहाटे पावणेसहाला सावगाव रोडवर मी तोंड उघडं टाकून चाललो होतो, तेव्हा दूधवाल्यानं गाडी हळू केली आणि विचारलं, "काय गा, कोण लागलंय मागं?" त्याचं काही चुकलं नाही.

"मागं नव्हे, पुढं गेलाय," मी म्हटलं. "फडेप्पा चौगुले."

"कुठला त्यो?"

"बेळगावचाच."

त्यानं रस्त्याकडं पुढं नजर टाकली, तिथं कुणी दिसेना. मग कॅन खडखडवत गेला बिचारा.

चौगुल्यांकडे येतोच, पण आधी माझं सांगतो, कारण त्याशिवाय हा खुळेपणा कळायचा नाही. मी उद्यमबागेत छोटं मशीन शॉप चालवतो. दोन लेथ, एक सीएनसी, हायड्रॉलिकचे पार्ट. पण त्याआधी, 1999 साली, मी अठरा वर्षांचा होतो आणि या भागातल्या निम्म्या पोरांसारखा भरतीची तयारी करत होतो. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर आमच्या गावात असल्यामुळे इथल्या पोराला फौज म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते एवढंच की भरतीत पहिलं काय असतं. सोळाशे मीटर. बाकी उंची, छाती, पेपर, सगळं नंतर.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना दोरी माहीत नसते. वेळ संपली की शेवटच्या रेषेवर दोन जवान दोरी ओढतात. पलीकडे गेलेला आत, अलीकडे राहिलेला घरी. त्या सकाळी दोरी माझ्या छातीला लागली. गळ्याला नाही, पायाला नाही, बरोबर छातीला. सुती, जाड, दवानं भिजलेली दोरी होती, आणि तिच्यावर भर टाकून मी उभा राहिलो, कारण ती नसती तर पडलो असतो. माझ्या पुढचा पोरगा पलीकडं वाकून ओकत होता. आमच्या दोघांत एका माणसाचं अंतर नव्हतं.

पुढं बरीच वर्षं मला भरती हुकल्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही, धंदा बरा चाललाय. सलतं ते दुसरंच. माझी वेळ कोणी लिहून घेतली नाही. घेतील कशाला? शेकडो पोरं, एक दोरी. पण आयुष्यात सगळ्यात जोरात जेव्हा पळालो, तेव्हा किती मिनिटं किती सेकंद लागले, हे मला आजही माहीत नाही. आणि मी तर कामावर एखादा शाफ्ट दहा मायक्रॉननं जास्त कापला गेला तरी झोपत नाही.

म्हणून बहुतेक मला शर्यतींच्या जुन्या निकालांचा नाद लागला. कथा नव्हेत, निकाल. नाव, देश, वेळ. रात्री जेवण झालं की मोबाइलवर 1908, 1912 असं उतरत जायचं. बायको म्हणते, लोक रील बघतात, हा उतारे बघतो. असंच एकदा 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकची मॅरेथॉन उघडली. पहिला हानेस कोलेहमाइनेन, फिनलंड, 2 तास 32 मिनिटं 35.8 सेकंद. खाली खाली जात एकोणिसावं नाव, फडेप्पा दरेप्पा चौगुले, भारत, 2:50:45.4. आणि माहितीत जन्मगाव बेळगाव.

मी उठून बसलो. शाळेत आम्हाला मिल्खा सिंग होता, पी. टी. उषा होती. हे नाव कोणी उच्चारलं नव्हतं. नाव तरी कसं, बघा. फडेप्पा, दरेप्पा म्हणताना जीभ कानडीत जाते आणि चौगुले म्हणताना मराठीत परत येते. ते पळाले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे पाटी कुठल्या भाषेत हा प्रश्न तेव्हा असा नव्हता. आज कोणी त्यांच्यावर हक्क सांगायला बसलं तर नावातच सीमावाद मिटवून ठेवलाय त्यांनी.

तो संघ गेला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. दोराबजी टाटा अध्यक्ष होते. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं अनवाणी, कुठलंही शिक्षण नसताना ज्या वेळा काढत होती, त्या बघून टाटांना वाटलं की ही माणसं ऑलिम्पिकला पाठवायला हवीत. स्वतःच्या खिशातूनही पैसे घातले. चार पळणारे आणि दोन पैलवान, एवढाच संघ. बोटीनं आधी इंग्लंड, मग बेल्जियम.

22 ऑगस्ट 1920. पाऊस पडत होता. आता, ऑगस्टमधल्या पावसात पळायचं म्हणजे बेळगावच्या माणसाला काय नवीन! पण अंतर मात्र नवीन होतं. आज मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची असते. अँटवर्पला ती 42.75 किलोमीटरची होती, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. कोलेहमाइनेन हा मूळचा विटा रचणारा गवंडी, 1912 च्या स्टॉकहोमला 5,000 आणि 10,000 मीटर दोन्ही जिंकलेला. त्याच्या मागं एस्टोनियाचा युरी लोसमान 12.8 सेकंदांनी आला. अडीच तास पळून तेरा सेकंदही नाहीत. तिसरा इटलीचा वालेरिओ आरी, यानं रेषा ओलांडल्यावर कोलांट्या मारल्या. मला हा गडी फार आवडतो. माझ्या अंगात तेव्हा जीव असता तर मीही दोरीवरून मारल्या असत्या.

आणि चौगुले कोलेहमाइनेननंतर अठरा मिनिटांनी आले. अठरा मिनिटं म्हटलं की लोक 'अरेरे' म्हणतात. मीही क्षणभर म्हटलं. मग कॅल्क्युलेटर काढला, सवयच ती. 42.75 किलोमीटर, 2:50:45. किलोमीटरला चार मिनिटं, किंबहुना केसभर कमीच. एवढ्यावर थांबलो नाही. 1908 ला लंडनमध्ये जॉनी हेजला सुवर्णपदक मिळालं होतं. (पहिला आलेला डोरांडो पिएत्री शेवटच्या फेरीत पुन्हा पुन्हा कोसळला, अधिकाऱ्यांनी त्याला आधार देऊन आणला आणि त्यामुळेच तो बाद झाला.) हेजची वेळ 2:55:18. म्हणजे बारा वर्षांपूर्वी ऑलिम्पिक जिंकलेल्या माणसापेक्षा आमचा एकोणिसावा साडेचार मिनिटं आधी, आणि तेही अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर वर पळून. लंडनला त्या दिवशी उकाडा होता हे खरं, अँटवर्पला गार होतं. तरी पण.

नंबर दुसऱ्यांवर ठरतो. त्या दिवशी कोण कोण आलं, कोण आजारी पडलं, कोण घरीच राहिलं. वेळ तुमची असते. चौगुल्यांची ती सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत लिहून ठेवली गेली, कुठल्या तरी बेल्जियन माणसानं पावसात घड्याळ धरून. त्याचे उपकार.

माझा भाचा सध्या आमच्याकडं राहून भरतीची तयारी करतो. साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मारलं की पूर्ण 60 मार्क, हे त्याच्या खोलीत भिंतीवर लिहिलंय. मी त्याला चौगुल्यांचा हिशोब भरतीच्या भाषेत करून दिला. चार मिनिटांनी किलोमीटर म्हणजे सोळाशेला सहा चोवीस.

"सहा चोवीस?" तो हसला. "मग माझ्यापेक्षा स्लोच की मामा!"

"व्हय. आता तसे सव्वीस मार, मधे न थांबता. आणि वर साडेअकराशे मीटर."

त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

त्यातूनच ते डिसेंबरातलं खूळ. किलोमीटरला चार मिनिटं म्हणजे शरीराला काय वाटतं, हे बघायचं होतं. कॅल्क्युलेटरवर सगळंच सोपं असतं. भाचा स्कूटरवर मोबाइल धरून शेजारी. पहिली तीनशे मीटर मला वाटलं, हे तर जमतंय. पाचशेला श्वासाचा आवाज माझा मलाच मोठा वाटायला लागला, जुन्या कॉम्प्रेसरसारखा. उसाच्या शेतातून गार वारा येत होता, तरी कानशिलं तापलेली. पहिला किलोमीटर 4:09. भाचा ओरडला, "नऊ सेकंद मागं!" दूधवाला भेटला तो याच्यानंतर. दुसऱ्यात पाय लाकडासारखे झाले आणि 4:50 लागले. तिथं मैलाच्या दगडावर बसलो. अजून चाळीस किलोमीटर नि वर काही राहिले होते. चौगुले एव्हाना पावसात कुठं तरी पुढं दिसेनासे झाले असणार.

आता तुम्ही म्हणाल, जिंकणाऱ्यांचं काय? आहेत की. अनवाणी पायांचा अबेबे बिकिला, 1960 ला रोम, 2:15:16. चार वर्षांनी टोकियोला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला काहीच आठवडे झालेले असताना परत पहिला, तेव्हा मात्र पायात बूट. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण आपल्या फौजेतला शिवनाथ सिंग किती जणांना ठाऊक असतो? तोही अनवाणीच पळायचा. 1976 ला माँट्रियलला अकरावा, 2:16:22. आणि 1978 ला जालंधरमध्ये त्यानं 2 तास 12 मिनिटं दिली. तो राष्ट्रीय विक्रम चाळीसपेक्षा जास्त वर्षं कुणाच्या हाती लागला नाही. त्या काळात जगभरातले बूट कुठल्या कुठं गेले.

आणि उषा. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये 400 मीटर अडथळ्यांत ती चौथी आली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, पण आमच्या घरी तो किस्सा घरातल्या एखाद्या अपघातासारखा सांगितला जायचा. तिची वेळ 55.42, तिसरी आलेल्या रुमानियाच्या क्रिस्तिएना कोजोकारूची 55.41. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे किती, हे लोक डोळे मिचकावून दाखवतात. ते चूक आहे, डोळा मिटायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. मी मोजलं. त्या वेगानं शंभराव्या भागात ती साधारण सात सेंटीमीटर पुढं जात होती. चार बोटं आडवी धरा. तेवढं.

अविनाश साबळेचं 2022 चं बर्मिंगहॅम तर मी शॉपमध्ये मोबाइलवर बघितलं, लेथ बंद करून. राष्ट्रकुल स्पर्धेत 3,000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीची, तिन्ही पदकं 1998 पासून केनियाच नेत होती. बीडच्या या फौजी पोरानं ती ओळ मोडली. 8:11.20. पहिला आलेला किबिवोत 8:11.15. इथं फरक हातभराचाही नाही. आमचा हेल्पर म्हणाला, "सोनं गेलं." मी म्हटलं, आधी वेळ बघ. त्याच्या राष्ट्रीय विक्रमाची वेळ होती ती, त्या दिवसापर्यंत कुठल्याच भारतीयानं दिली नव्हती. हेल्परनं मान डोलावली, पण त्याला पटलं नाही. माणदेशाच्या ललिता बाबरचंही तसंच. रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून अंतिम फेरीत भारतीय माणूस दिसला तो उषेनंतर बत्तीस वर्षांनी. लोकांना आठवतं ते 'पदक नाही' एवढंच.

भाच्याच्या वेळा मी शॉपच्या जॉब रजिस्टरमध्ये मागच्या पानावर लिहितो. तारीख, वार, वेळ, वारा होता का. 5:52. 5:47. एकदा 5:58, त्याच्या पुढं 'आदल्या रात्री लग्न'. गेल्या रविवारी 5:36 झाली. त्यानं पाणी प्यायलं, रजिस्टर माझ्या हातातून घेतलं आणि मोबाइलचं घड्याळ शून्यावर आणलं.

"आता तू."

"खुळा झालास काय?"

"मामा, सोळाशेच हाय. दोरी नाही इथं."

विजेच्या खांबांवर आम्ही चुन्याच्या खुणा केल्यात, पहिल्या खांबापासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत आठशे, तिथून परत. मी पळालो. डिसेंबरपेक्षा शहाण्यासारखा, सुरुवात दाबून. परत येताना शेवटच्या दोन खांबांत काय झालं ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटची खूण ओलांडताना मी छाती पुढं काढली होती, समोर काही नसताना.

भाच्यानं पानावर माझ्यासाठी वेगळा रकाना आखला. त्याचं अक्षर वाईट आहे, तरी वाचता येतं. रविवार, वारा नाही, मामा, 7:01.3.