45 लाखांच्या अलीकडे

22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याच आठवड्यात आम्ही कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला काम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके बघून आलो होतो. आता फ्लॅटही उतरणार, असं ह्यांना वाटलं. मलाही. मंगळवार पेठेत दहा वर्षं भाड्यानं काढलेली, अशी बातमी लगेच मनात घर करते.

बिल्डरच्या ऑफिसात कळलं की फ्लॅटवरचा दर आहे तोच आहे. 1 एप्रिल 2019 पासून चालू बांधकामातल्या घराला 5 टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत (किंमत 45 लाखांपर्यंत आणि क्षेत्रफळ मर्यादेत) बसलं तर 1 टक्का, आणि दोन्हींत बिल्डरला सिमेंट-सळीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. तो कर त्याच्या खर्चात जातो, म्हणजे शेवटी आपल्याच दरात. (भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही, पण तसं आमच्या ऐपतीतलं एकही सापडलं नाही.)

कोटेशन असं होतं: फ्लॅट 43 लाख 80 हजार, कव्हर्ड पार्किंग 2 लाख, जीएसटी 5 टक्क्यांनी 2 लाख 29 हजार. माझा समज, फ्लॅट 45 लाखांच्या आत आहे म्हटल्यावर 1 टक्काच लागणार. ओळखीच्या करसल्लागार काकांनी कागद बघितला आणि पार्किंगवर बोट ठेवलं. "45 लाखांत हे पण धरतात, ताई. पार्किंग, डेव्हलपमेंट चार्जेस, बिल्डर घेईल ते सगळं. 80 हजारांनी रेषा ओलांडलीय, पण 5 टक्के सगळ्या रकमेवर बसतात." क्षेत्रफळाची अडचण नव्हती. कार्पेट 720 चौरस फूट, म्हणजे सुमारे 67 चौरस मीटर. मुंबईत 60 ची मर्यादा आहे, तिथं हेच घर बाद झालं असतं. कोल्हापूरला 90 चालतात.

हे सांगितल्यावर ऑफिसातला माणूस म्हणाला, "मग पार्किंगचे परस्पर रोख द्या की, करारात घालायलाच नको." त्या रात्री मला झोप लागली नाही. करारात नसलेलं पार्किंग उद्या माझं आहे असं कुणाला सांगणार? आणि घराची सुरुवातच अशी लपवाछपवीनं करायची मला अजिबात इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी थेट मालकांना भेटलो. म्हटलं, "दादा, सिमेंटवरचा कर 10 टक्क्यांनी उतरलाय, वरचे सात मजले अजून तुम्हाला बांधायचेत. त्यातले 80 हजार आम्हाला सोडा. सगळं मिळून 45 लाख करा, सगळं करारात लिहा." त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, बराच वेळ बघत बसले, मग चहा सांगितला. चहा सांगितला तेव्हाच मला कळलं.

जीएसटी 45 हजारांवर आला. त्यांचे 80 हजार आणि करातले 1 लाख 84 हजार धरून आमचे 2 लाख 64 हजार वाचले. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं, त्यामुळे मुद्रांक शुल्कातही महिलांची 1 टक्का सवलत मिळाली, आणखी 45 हजार. ह्यांनी त्यावर एका शब्दानं काही विचारलं नाही.

परवा इमारतीच्या पुढच्या स्लॅबच्या हप्त्याचं डिमांड लेटर आलं: 4 लाख 50 हजार, जीएसटी 4 हजार 500. ते मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.