कूलरचं पाणी, चहाची गाळणी आणि बांधीतले चाळीस मासे

ऑक्टोबरात नागपूरजवळच्या कुहीकडे धान पिवळं पडायला लागलं की बांध्यांमधलं, म्हणजे धानाच्या खाचरांमधलं, पाणी सोडून देतात. पावसाळ्यात नाल्यातून चढून आलेल्या बारीक मासोळ्या मग कोपऱ्यातल्या खड्ड्यांत अडकतात. बगळ्यांची दिवाळी. माझी सासुरवाडी तिकडचीच. मागच्या वर्षी साळ्यासोबत धुऱ्यावरून फिरताना असाच एक खड्डा दिसला. पाणी परातभर, आणि त्यात करंगळीच्या पेराएवढे मासे वळवळत होते.

घरी, नागपुरात मानेवाड्याला, गच्चीवर माझा ॲक्वापोनिक्सचा संच सुरू होता. खाली ३०० लिटरची टाकी, तिच्यावर अर्धा कापलेला निळा ड्रम, ड्रममध्ये गिट्टी, आणि गिट्टीत पालक, पुदिना, सांबार (आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, पुण्याचे पाहुणे दरवेळी फसतात). पंप टाकीतलं पाणी वर चढवतो, ते गिट्टीतून गाळून खाली येतं. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, गिट्टीवर वस्ती करणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट झाडं ओढून घेतात. ही वस्ती बसायला सहा आठवडे गेले होते आणि तोवर टाकीत फक्त चार गप्पी होते. झाडांना पोटभर मिळेल एवढे मासे हवेच होते. म्हटलं, दुकानातून कशाला घ्यायचे?

गावातले एक ढिवर काका जवळच जाळं विणत बसले होते. त्यांनी ओढणीच्या कापडात चाळीसेक मासोळ्या उचलून दिल्या. बहुतेक रासबोरा होते, तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा असलेले. काही पुंटियस, दोन-तीन झिंगे, आणि एक-दोन काय होते ते मला तेव्हा कळलं नाही. काका म्हणाले, "भाऊ, नेऊन राहिले तर न्या, पण हे मेले तर मले फोन नका करू."

तिसऱ्याच दिवशी फोन केला.

जंगली मासा सरळ टाकीत सोडायचा नाही, एवढं मला माहीत होतं. म्हणून ५० लिटरचा वेगळा टब भरला. नळाचं पाणी क्लोरीन उडावं म्हणून दिवसभर उघडं ठेवलं, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज फिल्टर त्यात लावला आणि लिटरमागे २ ग्रॅम साधं मीठ टाकलं. दोन माशांच्या अंगाला पांढरा दोरा लटकल्यासारखा दिसत होता. तो दोरा नव्हता, अँकर वर्म होता, माशाच्या अंगात रुतून बसणारा परजीवी. बायकोच्या भुवया करायच्या चिमट्याने तो ओढून काढला. (चिमटा नवीन आणून दिला.) हे सगळं टबातच उरकायचं, कारण मीठ झाडांना चालत नाही आणि एकदा टाकीत गेलं की पाणी बदलल्याशिवाय निघत नाही.

पण खायला काय घालायचं, याचा विचारच केला नव्हता. गप्पींच्या गोळ्या खलबत्त्यात कुटून टाकल्या. मासे त्यांच्याकडे बघेनात. भुकटी तळाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुचवलं म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून घातला. उपाय खरा आहे, पण सुईच्या टोकावर मावेल एवढा घालायचा असतो. मी अख्खा बलक घातला. संध्याकाळी पाणी ताकासारखं झालं होतं. अमोनियाची चाचणी पिवळी यायला हवी, ती गर्द हिरवी आली. अर्धं पाणी बदललं, रात्री पुन्हा बदललं, तरी सकाळी अकरा मासे उलटे तरंगत होते. त्यातले सात-आठ तर उपाशीही होते, पोटं पार खपाटीला गेलेली.

काकांनी फोनवर आधी हसून घेतलं. मग म्हणाले, "हललेलं खातात ते. पडलेलं कायले खातील? बांधीत त्याईले कोनं गोळ्या देल्या होत्या?"

साधी गोष्ट होती. आणि दुसरी तेवढीच साधी गोष्ट म्हणजे तोंड. मी माशाची लांबी पाहत होतो, पाहायचं होतं तोंड. दीड सेंटीमीटरच्या रासबोराच्या तोंडात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा घास मावतो. खाणं हलणारं हवं आणि त्याहून मोठं नको.

हलणारं खाणं घरातच होतं. आमचा कूलर दिवाळीआधी आवरायचा राहून गेला होता. झाकण काढून बॅटरी मारली तर तळाशी डासांच्या अळ्या नाचत होत्या. चहाच्या गाळणीने गाळल्या, स्वच्छ पाण्यात दोनदा विसळल्या, बारीक तेवढ्या निवडून टबात सोडल्या. चार दिवसांत पहिल्यांदा ते मासे माशांसारखे वागले. एकेक अळी दोघं-दोघं ओढत होते. मी स्टुलावर बसून पाहत राहिलो, ऑफिसला उशीर झाला.

इथे शहाण्या माणसाने कूलर धुऊन टाकला असता. मी अळ्या वाढवायला ठेवल्या. एक बरणीही भरून ठेवली, कारण मासे दिवसाला तीनदा मागत होते. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, हे माहीत असूनही. त्याच आठवड्यात महापालिकेचे डेंग्यू तपासणीवाले दारात. मी ऑफिसात. बायकोने फोनवर जे ऐकवलं ते लिहीत नाही. त्यांना मात्र ती म्हणाली होती, "कूलर पाहा जी, पण ती बरणी ह्यांनी पाळली आहे." त्यांनी कूलर आणि बरणी दोन्ही आमच्या अंगणात ओतली आणि गेले. बरोबरच केलं त्यांनी.

मग मोइनाकडे वळलो. पाणपिसूंच्या कुळातला हा बारकासा जीव, पूर्ण वाढला तरी साधारण एक मिलिमीटर, पिल्लं त्याच्याही निम्मी. एका हौशी पोराकडून पाण्याच्या बाटलीतून आणला. त्याला हिरवं पाणी लागतं. माशांच्या टाकीतलं जुनं पाणी बादलीत भरून उन्हात ठेवलं की आठवड्याभरात शेवाळाने ते पोपटी होतं. नागपुरात ऊन कमी पडत नाही. त्या पाण्यात मोइना सोडला की दहा दिवसांत बादली तांबूस दिसायला लागते. माझी पहिली बादली घाईने बसली, कारण मोइनाला खायला म्हणून यीस्ट चमचाभर जास्त टाकलं आणि पाणी कुजलं. तेव्हापासून तीन बादल्या ठेवतो, एक बसली तर दुसरी चालते. सोबत दलियाच्या घट्ट लापशीवर मायक्रोवर्मही लावले. लापशीवर चिमूटभर यीस्ट घातलं की हे केसासारखे किडे डब्याच्या भिंतीवर चढून येतात, बोटाने पुसून पाण्यात झटकायचे. वास आंबट येतो. डबा स्वयंपाकघरात ठेवायची परवानगी मिळाली नाही.

महिनाभराने सगळे मोठ्या टाकीत हलवले, २७ मोजून. पुढच्या आठवड्यात २४. मग २१. मेलेला एकही सापडेना. रात्री बॅटरी घेऊन बसलो तेव्हा पुदिन्याच्या मुळांखाली एक मासा दिसला, बाकीच्यांच्या तिप्पट, आणि त्याच्या तोंडातून कुणाचीतरी शेपटी बाहेर. ज्या एक-दोघांची ओळख पटली नव्हती त्यांतलं हे मरळीचं पिल्लू. माझा मोइना खाऊन वाढलेल्या माशांवर ते पोसलं जात होतं. त्याला झाकणाच्या वेगळ्या ड्रममध्ये टाकलं, झाकण अशासाठी की मरळ उडी मारते.

तोवर मासे कोरडं खायला शिकत होते. काकांचा भाचा मत्स्यबीज केंद्रावर काम करतो. तिथे जिऱ्यांना, म्हणजे माशांच्या अगदी बारक्या पिल्लांना, शेंगदाण्याची ढेप आणि धानाचा कोंडा समसमान देतात, हे त्याने सांगितलं. मी दोन्ही दळून ओढणीतून चाळले, धुऊन वाळवलेल्या सुकटीची भुकटी घातली, आणि मोइना सोडताना त्याच्यातच चिमूटभर टाकायला लागलो. घाईघाईत तोंडात येईल ते गिळायचं ही त्यांची सवय इथे कामी आली. तीन आठवड्यांत नुसती भुकटीही घ्यायला लागले. दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढीच टाकायची, हा नियम मात्र बलकाच्या दिवसापासून कडक आहे. उरलेलं कुजतं आणि त्याचा हिशेब जिवाणूंच्या डोक्यावर बसतो.

डिसेंबरात रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरला तेव्हा माशांची भूक मेली आणि जिवाणूही मंदावले. खाणं दिवसाला एकदाच केलं. पालकाची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह कमी. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळून झाडांना घेता येईल असं) घातलं, सावरली.

खरी परीक्षा एप्रिलची. पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि मासे तर उन्हाळ्यात जास्त मागतात. हिरवी जाळी बांधली, टाकीला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं. एका रात्री लाइन गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. पंप बंद. पाच वाजता वर गेलो तर सगळे पृष्ठभागाला तोंडं लावून हापापत होते. मगने पाणी उचलून वरून ओतत बसलो, तासभर, हात भरून येईपर्यंत. चार गेले, बाकीचे वाचले. शेजारच्या ड्रममध्ये मरळ निवांत. ती वर येऊन सरळ हवाच घेते, तिला लाइन असो की नसो. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला. तो पहिल्या दिवशीच आणायचा होता.

मेमध्ये सगळा पसारा जिन्याखाली सावलीत उतरवला. पालक गेली, पुदिना टिकला. रासबोरा आता बोटभर आहेत, भुकटीचा डबा हलवला की गोळा होतात. मासे परत गावच्या पाण्यात नाही सोडणार, इथले रोग तिकडे जायला नकोत. मरळ कितीशी झाली, असं काका दर फोनला विचारतात. कशासाठी विचारतात ते कळतं, मी आकडा कमी सांगतो.

कूलर पुन्हा लागला आहे. दर रविवारी बायको तो रिकामा करून कोरडा करते. ओतायच्या आधी स्वतः गाळते, अळ्या निघाल्या तर वाटी माझ्यासमोर आणून ठेवते आणि संपेपर्यंत तिथेच उभी राहते. ती गाळणी आता चहाला चालत नाही, कूलरच्या मागच्या खिळ्याला टांगलेली असते.