काजू, कूट, तीळ, कोळंबी आणि बाहेरचं जेवण

ठाण्यात बहुतेक हॉटेलांत वेटरला नुसतं ‘जैन’ म्हणा, तो पुढे एक प्रश्न विचारत नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्ची केळी, सगळं त्याला पाठ असतं. चतुर्थीला साबुदाणा वडा मागवताना तेल वेगळं आहे ना असं विचारलं तर मालकाला राग येत नाही, उलट तोच सांगतो की उपवासाची कढई वेगळी आहे. मग मी जेव्हा सांगते की मला शेंगदाणे, काजू-पिस्ते, तीळ आणि कोळंबी-खेकडे चालत नाहीत, ॲलर्जी आहे, पोटात गेले तर घसा सुजतो, तेव्हा तेच किचन एकदम अवघडून का जातं? जमत नाही असं अजिबात नाहीये, रोज जमवतात की. फक्त कसं मागायचं हे आपल्याला नीट माहीत नसतं आणि काय द्यायचं हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय, माझ्यासारखे बरेच जण असणार आणि त्यातले निम्मे घाबरून बाहेर जेवायचंच बंद करतात हे मला माहितीये.

शेंगदाण्याचं मला लहानपणापासून आहे. काजू आणि पिस्ते एकाच कुळातले, त्यामुळे एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही बऱ्याचदा असतेच, ते नंतर कळलं. कोळंबी तर मी कॉलेज संपेपर्यंत मस्त खायचे आणि मग एकदम सुरू झालं. हे विचित्र वाटतं पण कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी मोठेपणी सुरू होणं अगदी कॉमन आहे. आणि हो, मासे मला चालतात. सुरमई, पापलेट, बोंबील सगळं. मासे वेगळे, कोळंबी वेगळी, दोन्हींतलं ॲलर्जी करणारं प्रोटीन वेगळं असतं. हे मला प्रत्येक टेबलावर समजावून सांगावं लागतं कारण समोरचा म्हणतो, अगं आत्ता तर सुरमई खाल्लीस, मग कोळंबीला काय झालं.

आता आपल्या मराठी जेवणाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त लपलेलं तिथेच आहे. कूट! कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत कूट, पातळभाजीत दाणे. वडापावची सुकी लाल चटणी म्हणजे लसूण, खोबरं आणि बऱ्याच ठिकाणी शेंगदाणे नाहीतर तीळ, कधी दोन्ही. अळूवडी आणि कोथिंबीरवडीवर तीळ भुरभुरलेले दिसतात तरी, गोडा मसाल्यातले तीळ दिसतच नाहीत, त्यामुळे नौपाड्यातल्या एखाद्या छान घरगुती पोळीभाजी केंद्रातली साधी आमटीसुद्धा मी मसाला विचारल्याशिवाय घेत नाही. मिसळीत फरसाण आलं, फरसाणात दाणे आले. ठाण्यात राहून मामलेदारच्या मिसळीवर सगळा ग्रुप भांडतोय, मध्यम घ्यायची की तिखट, आणि आपण गप्प, याचं वाईट वाटतं मला, वाटणारच.

तेलाबद्दल पण एक सांगते. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही म्हणून बऱ्याच जणांना त्याने काही होत नाही, पण हल्ली लाकडी घाण्याच्या तेलाची जी फॅशन आलीये त्या तेलात प्रोटीन राहतं, तेव्हा पाटीवर ‘आम्ही घाण्याचं तेल वापरतो’ असं लिहिलेलं असलं की थांबून विचारायचं कुठल्या बियांचं. आणि बेकरीतली खारी, नानकटाई खाणाऱ्या तिळाच्या ॲलर्जीवाल्यांसाठी, वनस्पती तुपात तिळाचं तेल घालायचं हा आपल्याकडे वर्षानुवर्षं सरकारी नियमच होता. कारण कुणी साजूक तुपात वनस्पती मिसळलं तर टेस्ट केल्यावर तिळाच्या तेलामुळे गुलाबी-लाल रंग यायचा आणि भेसळ पकडली जायची. कल्पना चांगली होती पण आमच्यासारख्यांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार? तिळाचं तेल सहसा इतकं शुद्ध केलेलं नसतं, म्हणून मी वनस्पतीतली बेकरी आयटम सोडूनच दिल्यात.

पंजाबी हॉटेलात वेगळाच प्रकार. तिथे सकाळीच दोन-तीन ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यात करून ठेवतात, पांढरी, लाल आणि पिवळी. पांढरी म्हणजे काजू आणि मगज, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बिया. लाल मखनीत पण काजू असतात. मग संध्याकाळी तुम्ही पनीरचं काहीही मागवा, पनीर टिक्का मसाला काय, कोल्हापुरी काय, हंडी काय, ते यातल्याच पातेल्यांमधून डाव-डाव घेऊन बनतं. त्यामुळे ‘काजू नका टाकू’ म्हटलं की वेटर मान हलवतो आणि खरंच वरून पेरायचे काजू टाकत नाही, पण ग्रेव्हीतले काजू सकाळीच वाटून झालेले असतात. घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात माझ्याबरोबर हेच झालं. वेटरला स्पष्ट सांगितलं होतं, त्याने आत जाऊन विचारून आल्यासारखं केलं, नो काजू मॅडम म्हणाला, आणि दुसऱ्या घासाला ओठ चुरचुरायला लागले, मग जिभेच्या मागे खाज, मग आवाज बसायला लागला. मॅनेजर येऊन म्हणतो, मॅडम पेस्ट आहे फक्त, काजू नाहीये. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच वाटत होतं की पेस्ट म्हणजे काजू नाही. पण विचारून येतो म्हणून न विचारता परत येणं मला माफ करता येत नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना, मी दही-भात खाईन, आनंदाने खाईन.

त्यानंतर माझी विचारायची पद्धतच बदलली. आता मी ‘आहे का, नाही का’ असं विचारत नाही. विचारते, दादा, ही ग्रेव्ही कशाकशाची आहे, सकाळची आहे की आत्ता करणार? कांदा-टोमॅटोवर ताजं करून मिळेल का? तवा कुठला? हे कशात तळता, त्याच तेलात अजून काय काय तळता? असं विचारलं की समोरच्याला नुसतं हो-नाही म्हणून सुटता येत नाही, त्याला आत जावंच लागतं. आणि बहुतेक वेळा पंजाबीत शेवटी दाल तडका, जीरा राइस, तंदुरी रोटी यावर गाडी येते. चालतं. चायनीजमध्ये मी जातच नाही, एकाच कढईत एकामागून एक सगळं परततात, कोळंबीचा फ्राइड राइस झाला की फडकं फिरवून लगेच व्हेज नूडल्स. उडपीत मात्र मला सगळ्यात निवांत वाटतं, इडली, साधा डोसा, सांबार, फक्त चटणीत डाळंच आहे का दाणे पण वाटलेत ते विचारायचं, पोडी म्हणजे ती सुकी चटणी लांब ठेवायची कारण तिच्यात बऱ्याचदा तीळ असतात, आणि उपम्यात काजू असतात हे विसरायचं नाही.

मालवणी खानावळीबद्दल लिहायलाच हवं कारण नवरा मालवणचा आणि त्याला मासे नसले की रविवार रविवार वाटत नाही. पाचपाखाडीत एक छोटी खानावळ आहे, काउंटरवर काकू बसतात. मी पहिल्यांदा सगळं सांगितलं तर त्या उठल्या आणि म्हणाल्या, ये, तूच बघ. आत ओट्यावर एक स्टीलचं ताट, त्यात रवा आणि तांदळाचं पीठ कालवलेलं. आचारी त्यात कोळंबी घोळवत होता, मग त्याच ताटात सुरमईची तुकडी. पिठात मसाल्याने लाल झालेले गोळे चिकटलेले, एकदोन कोळंबीचे पाय पण दिसत होते. म्हणजे माझी सुरमई तव्यावर पडायच्या आधीच तिला कोळंबी लागलेली असती. काकूंनी ते ताट बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आचाऱ्याला म्हणाल्या, हिच्यासाठी दुसरं पीठ घे, दुसरं ताट, आणि तवा घासून घे. मग मला म्हणाल्या, तू ना बाराला येत जा, तेव्हा तवा आणि तेल दोन्ही ताजं असतं, तुझी तुकडी पहिली काढते. त्यांना ॲलर्जीवर कुणी कोर्स दिलेला नाही, त्यांनी फक्त आत नेऊन दाखवलं आणि ऐकून घेतलं. तेव्हापासून आम्ही तिथे बाराच्या ठोक्याला हजर असतो आणि सोलकढी पण पोटभर पिते मी.

वेळेचं हे सगळीकडे लागू पडतं. शनिवारी रात्री साडेनऊला बाहेर वेटिंगची रांग असताना तुम्ही कितीही नीट सांगा, आत कुणाला ऐकायला वेळ नसतो. मी दुपारी चार-पाचच्या सुमाराला फोन करते, तेव्हा शेफ मोकळा असतो, फोनवर यायला तयार होतो. ऑफिस ऐरोलीला आहे, तिथे टीम लंच म्हणजे हमखास बुफे ठरतो, आणि बुफेत प्रत्येक डावाचा प्रवास मला दिसत असतो, पिस्त्याच्या कुल्फीचा चमचा खिरीत, खिरीचा रायत्यात. मी आयोजकाला आधीच सांगते की माझं आ ला कार्ट सांगा नाहीतर किचनमधून थेट ताट भरून आणायला सांगा. पहिल्यांदा बोलायला लाज वाटते, पण बाकीच्यांना काहीच वाटत नाही हो, खरंच. लाज फक्त आपल्यालाच वाटत असते.

नियमांचं थोडं सांगते, उपयोगी पडतं. पॅकेटवर ॲलर्जीचे पदार्थ लिहायचे हा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचा नियम आहे आणि त्या यादीत गहू वगैरे ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेव्यातले नट्स, सोयाबीन आणि सल्फाइट आहे. तीळ नाहीत! अमेरिकेत २०२३ पासून तीळ यादीत आले. ब्रिटनमध्ये नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेल्या सँडविचमधल्या तिळाने गेली, पावाच्या पिठातच तीळ होते आणि पाकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा करून २०२१ मध्ये कायदा बदलून घेतला. आपल्याकडे संक्रांतीला तीळ, चटणीत तीळ, मसाल्यात तीळ, आणि यादीत नाहीत, हे बदलायलाच हवं. हॉटेलांचं म्हणाल तर दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना मेनूवर कॅलरी आणि ॲलर्जीची माहिती द्यायचा नियम २०२२ मध्ये लागू झाला, म्हणजे मॉलमधल्या मोठ्या चेनमध्ये तुम्ही हक्काने मागू शकता. पण गोखले रोडवरचं, तलावपाळीवरचं एकेकटं हॉटेल त्यात येत नाही, आणि आपण जेवतो तिथेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोळी पुरत नाही. सेट्रिझिनने खाज, पित्त उठणं कमी होतं, पण घसा बंद होत असेल, श्वास लागत असेल, चक्कर येत असेल तर ॲड्रिनलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि लगेच. बाहेरच्या देशात पेनसारखं तयार इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, पण ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी काचेची कुपी मिळते आणि ती महागही नसते. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून स्वतःचा डोस लिहून घ्या, भरायला-टोचायला शिकून घ्या, आणि तुमच्याबरोबर जो जेवायला बसतो त्यालाही शिकवा. माझ्या नवऱ्याने रिकाम्या सिरिंजने संत्र्यावर सराव केलाय. आणि हॉटेलात त्रास सुरू झाला की लोक प्रेमाने म्हणतात, चल जरा बाहेर मोकळ्या हवेत फिर. नाही फिरायचं. आडवं व्हायचं, पाय वर, श्वास लागत असेल तर बसून राहायचं, पण उभं राहायचं नाही, त्याने बीपी एकदम पडू शकतं. कुणीतरी १०८ ला फोन करायचा. इंजेक्शनने बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

आणि नातेवाईक. ‘इतकंसं काही होत नाही गं’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’, ‘सवय कर हळूहळू’. माझी एक मावशी लग्नाच्या हॉलमध्ये स्वतःच्या हाताने काजूकतली भरवायला आली होती, प्रेमानेच. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, मावशी, हे खाल्लं तर मला इथून उचलून न्यावं लागेल, तू मला जिलबी भरव. तिने भरवली. आता तीच सगळ्यांना सांगते, हिच्या ताटात काजू वाढू नका. लोकांना सरळ सांगितलं तर कळतं, मनात वाईट काही नसतं त्यांच्या.

माझ्याकडे पाकिटात एक चिठ्ठी असते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण आत स्वयंपाक करणारी मुलं बऱ्याचदा उत्तर प्रदेशची नाहीतर नेपाळची असतात आणि वेटरपर्यंत पोचलेलं त्यांच्यापर्यंत पोचतंच असं नाही. त्यावर असं आहे: ‘शेंगदाणे, कूट, काजू, पिस्ते, तीळ, कोळंबी, खेकडा. यांची पेस्ट, पूड, तेल किंवा त्याच तव्याचं, तेलाचं, चमच्याचं काहीही नको. चुकून पोटात गेलं तर माझा श्वास बंद होऊ शकतो. शंका असेल तर सरळ नाही सांगा, मी दुसरं काहीतरी घेईन.’ शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त कामाला येतं. कुणाला हवी असेल तर उचला, तुमचे पदार्थ घाला, प्रिंट मारा.

हे वाचणाऱ्यांत कुणी हॉटेलवाले असतील तर माझं मागणं छोटंसं आहे. एका डब्यात रोज थोडी कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही काजू न घालता बाजूला ठेवा, डब्याचा डाव वेगळा ठेवा, आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर जसं ‘जैन’ लिहिता तसं ‘काजू बंद’, ‘दाणे बंद’ लिहून आत पाठवा. कूट भाजीत आधीच न घालता वाटीत वेगळं दिलंत तर आणखी छान, ज्याला हवं तो घेईल. असं करणारं हॉटेल ठाण्यात कुठेही असू दे, मला कळवा, मी घरच्या सगळ्यांना घेऊन येते.