काकूच्या शेगडीतला मुर्दाड गोटा

परवा काकूनं शेगडीतून एक काळा गोटा चिमट्यानं काढून आंगणात भिरकावला, "दोन घंटे झाले, हा मुर्दाड काही पेटून नाही राहिला." आमच्या वणीकडे कोळशाच्या पोत्यात असे चारदोन निघतेच. पण भाच्यानं मोबाइलवर ऑइल शेलचा, म्हणजे ज्याच्यापासून तेल काढतात त्या दगडाचा, व्हिडिओ पाहिलेला, तो लागला उड्या मारायला, मामा तेलाचा दगड!

म्हटलं बावा, पहिले तं ऑइल शेलमधे तेलच नसते. जवस घाण्यात टाकली की तेल निघते, तसा हा दगड कितीही भरडला तरी थेंब येणार नाही. त्यात असते केरोजेन, मेणासारखा घट्ट माल, तो पेट्रोलमधेही विरघळत नाही. हवा न लागू देता ४५०-५०० डिग्रीला तापवला की मग तो तुटून तेल अन् गॅस होते. म्हणजे जमिनीनं अर्धवट शिजवून ठेवलेलं जेवण, पुरेसं खोल गेलं नाही म्हणून तेल झालंच नाही.

आला कुठून? शेवाळातून. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ उचलून वावरात टाकतो ना आपण, वरचा भुरा अन् खालचा काळाकुट्ट, वास मारणारा? तळाशी हवा पोचत नाही म्हणून शेवाळ पुरं सडत नाही, तेच काळं. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हरचा शेल असाच, कोलोरॅडो-युटा-वायोमिंगमधल्या ५ कोटी वर्षांपूर्वीच्या तलावांचा गाळ. इस्टोनियाचा तं समुद्रातला, ४५ कोटी वर्षं जुना, तिथं तो जाळून वीजसुद्धा बनवतात.

आमचा गोटा वेगळ्या खानदानातला. पोत्यातला दुसरा एक घेतला, कुदळीच्या टोकानं हळूच ठोकला तं पापुद्रा सुटला अन् आत पान! बैलाच्या जिभेसारखं लांबट, मधात जाड शीर, बाजूला जाळी. ग्लॉसोप्टेरिस, कधीचंच नामशेष झालेलं झाड. नावातच ग्रीक जीभ आहे. २५ कोटी वर्षांच्या वर झाले, तेव्हा इथं दलदल होती, याच झाडांचा आपला दगडी कोळसा झाला, अन् जिथं पानापेक्षा चिखल जास्त पडला तिथं हे न जळणारे गोटे. लाकूडपाल्याच्या केरोजेनमधून तेल कमी, गॅसच जास्त निघते.

भाचा जरा हिरमुसला, पण पानाचा तुकडा दप्तरात गेला. काकूनं उरलेलं पोतं आंगणात ओतलं अन् मलेच म्हणे, आता तूच निवडून दे.